धाकटीचं जोतं

म्हातारी खाटेवरून ओरडत होती आणि थोरली वाफ्यात एकटीच नाचत होती. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या बाईला वेड लागलंय.

"डावा! अगं डावा! टाच रोव, टाच! बोटांवर काय चालतेस, घरात कुणी झोपलंय का?"

"रोवतेय आई."

"काय रोवतेयस, डोंबल! मागे बघ, पोकळ राहिलंय."

थोरलीने मागे पाहिलं. खरंच पोकळ राहिलं होतं. मिठागराच्या वाफ्याचा तळ हंगामाआधी असा तुडवावा लागतो, की चिखलाची फरशी झाली पाहिजे. आणि हे काम जोडीचं. दोघींनी एकमेकींच्या कमरेत हात घालायचा, पायाला पाय लावायचा आणि एका तालात टाचा मारत पुढे सरकायचं. मधे बोटभर जागा सुटली की तिथे जमीन भुसभुशीत राहते, आणि तिथलं मीठ मातकट निघतं. पुरुषांनी बांध बघायचा, उघाडीच्या फळ्या वरखाली करून समुद्राचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं. तुडवणं बायकांचं. म्हातारी आणि थोरली, सासू-सून, इतकी वर्षं जोडीने तुडवत होत्या, आणि त्यांच्या वाफ्यातलं मीठ असं पांढरंशुभ्र निघायचं की डोळे दिपावेत. मग म्हातारी बांधावरून घसरली, कंबरेचं हाड मोडलं, आणि जोडी फुटली.

तशी अजून एक जोडीदारीण होती, घरातली दुसरी सून. धाकटी. पण तिचं नाव या घरात काढायचं नाही असा अलिखित नियम होता, आणि तो मोडायचा हक्क फक्त म्हातारीला होता. शिव्या घालण्यापुरता.

"ती महाराणी असती इथे, तर अर्धा वाफा झाला असता," म्हातारी म्हणाली. "पण तिला कुठे चिखल चालतो! तिला वर बसून खाली बघायचं असतं."

 थोरलीने कंबर सरळ केली, हाडं कटकट वाजली, आणि न बघायचं ठरवूनही तिची नजर वाफ्यांच्या पलीकडे गेली. तिकडे सडकेच्या कडेला उंचवटा होता आणि त्या उंचवट्यावर धाकटीचं घर. घर कसलं, दोन खोल्या आणि पत्रा. पण जोतं? जोतं असं की वर महाल उभा राहावा! माणसाच्या डोक्याहून उंच, दगडमातीने ठासून भरलेलं, आणि समोर पायऱ्यांची ही रांग. सगळी वस्ती हसली होती तेव्हा. चहावालीने तर विचारलं होतं, वर हत्ती बांधणार का म्हणून. म्हातारीला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ती पायथ्याशीच उभी राहून म्हणाली, "एवढ्या पायऱ्या चढायला मी काय किल्ला बघायला आलेय?" आणि मागे फिरली ती फिरलीच. तेव्हापासून धाकटीचं नाव पडलं महाराणी.

रागाला कारण होतंच. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा धाकटीने तोंड उघडलं ते एकदाच. म्हणाली, आम्हाला वाफे नकोत, तो काटेरी उंचवटा द्या. ज्या वाफ्यांत म्हातारीच्या टाचा झिजल्या होत्या, ते वाफे हिला नकोत! नवरा मालट्रक चालवायला लागला, ही बर्फाच्या कारखान्यात जायला लागली, आणि वाफ्यात थोरली नि म्हातारी दोघीच उरल्या. तरी ते तिने गिळलं असतं. पण म्हातारीचं हाड मोडलं त्या आठवड्यात धाकटीने निरोप पाठवला, "आईंना माझ्याकडे वर आणून ठेवा." थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे काय? आम्ही बघत नाही नीट? हगणं-मुतणं काढतेय मी, आणि ही वरून हुकूम सोडतेय! "मेले तरी हिच्या पायरीला पाय लावणार नाही," असं ती भर रस्त्यात म्हणाली होती, चारचौघांसमोर. बोललं की बोललं.

असो. त्या सकाळी हवा काही वेगळीच होती. वारा होता पण भलत्याच दिशेचा, अंगाला चिकटणारा. बगळे सगळे सडकेकडे उडून गेले होते. थोरलीचा घाम वाळतच नव्हता.

तेवढ्यात कर्ण्याची जीप आली. हवामान कचेरीची गाडी होती. वादळ येतंय, संध्याकाळपर्यंत समुद्राचं पाणी घरांच्या छपरांपर्यंत चढू शकतं, सगळ्यांनी शहरातल्या शाळेत चला, दुपारी ट्रक न्यायला येईल, असं कर्ण्यातून पुन्हा पुन्हा सांगत होते. जीप बांधापाशी थांबली आणि एक तरुण बाई उतरली. चिखलात बूट फसत होते तरी सरळ खाटेपाशी आली.

"आजी, तुम्हाला आधी न्यायला हवं. मी आत्ताच घेऊन जाते गाडीतून."

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाळ, काल रात्री चंद्र पाहिलास?"

"चंद्र?"

"अर्धा होता. अर्ध्या चंद्राला भांग असतो. भांगाचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. ना धड चढत, ना धड उतरत. पुनवेला आलीस असतीस तर ऐकलं असतं तुझं."

"आजी, याचा चंद्राशी संबंध नाही," बाई शांतपणे म्हणाली. "वारा समुद्राला ढकलत आणणार आहे. पाणी किनाऱ्याला येऊन साठत जाईल, मागे जाणारच नाही. भांग असला म्हणून फार तर थोडं कमी चढेल. तरी तुमचा बांध बुडेल."

"वारा शिडं ढकलतो. समुद्र नाही ढकलत."

थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, बांधावरून फावडं घेऊन आला होता. तो हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण आईच्या शब्दापलीकडे त्याने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. "ताई, आमच्या आईने समुद्राला पाणी पाजलंय. तुम्ही पुढच्या वस्तीत जा. मी उघाडी बंद करून बांधावर माती चढवतो, झालं काम."

बाईने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घातली. मनात होतं की म्हणावं, न्या हो, न्या यांना. पण म्हातारीला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा दार उपटून त्यावर निजवून नेलं होतं, आणि सगळी वस्ती दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती. वाटेत कपडे ओले झाले. म्हातारी त्यावर कधी बोलली नाही, पण त्यानंतर तिने घराबाहेर न्यायचं नाव काढलं की दात आवळून घेतलेले थोरलीने पाहिले होते. ती पुन्हा वाफ्यात उतरली. जीप गेली.

दुपारी ट्रक आला. वस्तीतली बरीच माणसं चढली, भांडी, कोंबड्या, गाद्या घेऊन. यांच्या घरातून कुणी गेलं नाही.

मग वारा सुटला. सुटला म्हणजे काय, कुणीतरी दावं कापल्यासारखा सुटला. गेल्या हंगामातल्या मिठाच्या राशीवरचं ताडपत्रीचं आवरण फडफडून उडालं आणि आडवा पाऊस सुरू झाला. थोरलीने खाट आत ओढली. राशीवर निदान गोणपाटं तरी टाकावीत म्हणून ती धावत बाहेर गेली, आणि जाता जाता उघाडीपाशी थबकली.

ओहोटीची वेळ होती. उघाडीच्या बाहेरचा चिखल उघडा पडायला हवा होता. खेकडे फिरायला हवे होते. आणि पाणी फळ्यांच्या वरच्या कडेला लागलं होतं.

"अहो!" तिने हाक मारली. वाऱ्याने हाक तोंडातच परत घातली. तिने जाऊन नवऱ्याच्या दंडाला धरलं. "ओहोटी कुठे गेली?"

थोरल्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की थोरलीला त्याच्याकडे बघवेना.

"वाऱ्याने धरून ठेवलंय," तो म्हणाला. "उतरेल."

"आणि नाही उतरलं तर?"

 त्याने फावडं भरून माती घेतली आणि बांधावर टाकली. पावसाने ती तिथल्या तिथे धुऊन नेली. त्याने दुसरं फावडं भरलं.

थोरली घरात शिरली. म्हातारी खाटेवर बसती झाली होती, कान देऊन. "पाणी बोलतंय," ती म्हणाली. "भांगाला बोलत नाही कधी." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. सडक गाठायची तर वाफे ओलांडून जावं लागणार, ट्रक तर केव्हाच गेलेला, आणि म्हातारीला दोघांनी उचललं तरी कंबर आडवी येणार. थोरलीला काही सुचेना. ती नुसतीच दारात उभी राहिली आणि हातातली गोणपाटं पिळत राहिली.

आणि दारातून तिने पाहिलं, कोण येतंय ते.

धाकटी येत होती. वाफ्यांमधल्या अरुंद बांधावरून, वाऱ्यात तिरकी होऊन, मिठाची एकचाकी गाडी ढकलत. कपडे वर खोचलेले, केस तोंडावर, पायात काही नाही. ती अंगणाच्या कडेला येऊन थांबली. उंबऱ्याच्या आत आली नाही. तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाली,

"जाऊबाई, शिव्या मागाहून घाला. आधी आईंना उचला."

 थोरली एवढंच म्हणाली, "भांग आहे ना पण."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या माहेरी पाणी चढलं तेव्हा पण भांगच होता," ती म्हणाली. "आमचे आजोबा पण हेच म्हणाले. आम्ही सगळे घरात बसलो. माझा हात आईच्या हातात होता. सुटला."

लग्नाच्या वेळी तिने सांगितलं होतं, आई आजाराने गेली. वस्तीला दया दाखवायला संधी द्यायची नव्हती तिला, की दुसरंच काही, कोण जाणे. थोरलीच्या डोक्यात एका क्षणात सगळं उलटंपालटं झालं. तो काटेरी उंचवटा. ते जोतं. त्या हसण्यासारख्या पायऱ्या. "आईंना माझ्याकडे वर आणून ठेवा."

"अगं, मग बोलली का नाहीस?" ती ओरडली. रागाने की रडण्याने, तिचं तिला कळलं नाही.

"बोलायला गेलं की मला श्वास लागतो," धाकटी म्हणाली. "आता उचलता का?"

दोघींनी म्हातारीला गोधडीसकट उचललं आणि गाडीत बसवलं. म्हातारी कळ आली तशी ओरडली. थोरलीने ताडपत्रीचा तुकडा तिच्यावर घातला आणि दोरीने आवळला.

"मला काय मिठाची रास समजलात?" आतून आवाज आला.

"राशीला तोंड नसतं आई," थोरली म्हणाली. म्हातारी हसल्यासारखी झाली. भीतीतही त्या बाईला विनोद सोडवत नव्हता.

थोरला अजून बांधावर माती टाकत होता. धाकटीने त्याच्या हातातलं फावडं सरळ काढून घेतलं. थोरल्या दिराच्या हातातलं! "भाऊजी, बांध पुन्हा घालता येतो. चला." आणि तो गडी, ज्याने बायकोचंही कधी ऐकलं नाही, तो लहान मुलासारखा निघाला. उघाडीच्या फळ्या ओढायचा लांब दांडा तेवढा त्याने बरोबर घेतला.

थोरला पुढे दोरी धरून, दोघी मागून ढकलत. अर्ध्या वाटेवर आले आणि मागे आवाज झाला. भिंत पडल्यासारखा नाही, जड पोतं जमिनीवर टेकवावं तसा, दबका. थोरलीने वळून पाहिलं. बांध दिसत नव्हता. जिथे बांध होता तिथे पाण्याची एक लांब पाठ दिसत होती, आणि ती सरकत होती. लाट नव्हे, नुसतं पाणी, घाई नसलेलं, वाफ्यामागून वाफा भरत येणारं.

पायाखालची वाट खचली. गाडीचं चाक वाफ्यात गेलं आणि रुतलं. तोच वाफा, सकाळी तुडवलेला, जिथे पोकळ राहिलं होतं नेमकं तिथे. चाक आसापर्यंत आत. तिघांनी जोर लावला, गाडी हलेना. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला.

"तुडवलं असतंस नीट..." म्हातारीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग जरा वेळाने म्हणाली, "एकटीने नाही होत गं ते. मला माहितेय."

थोरल्याने तिला खांद्यावर घ्यायला पाहिलं. कंबर वाकली आणि म्हातारीने अशी किंकाळी फोडली की त्याने हात मागे घेतला. तिला बसतीच न्यायला हवी होती.

"तुम्ही पुढे व्हा," थोरली नवऱ्याला म्हणाली. "दांड्याने जमीन बघत चला. वाट कुठे आहे तेवढं सांगा." मग धाकटीकडे वळली. "हात दे."

दोघींनी एकमेकींची मनगटं धरली आणि हातांची खुर्ची केली. म्हातारीला त्यावर घेतलं. म्हातारीने एक हात एका सुनेच्या गळ्यात टाकला, एक हात दुसरीच्या. काटकुळी म्हातारी, पण भिजलेली, आणि पाणी गुडघ्याला. दोघी निघाल्या आणि पहिल्याच पावलाला तिघी पडता पडता राहिल्या. एकीचा डावा, तर दुसरीचा उजवा.

"थांबा!" म्हातारी ओरडली. तोच आवाज, वाफ्यावरचा. "नाचायला निघालात का दोघी? पाय जुळवा. डावा म्हणेन तेव्हा डावा. टाच रोवायची, मग भार टाकायचा. चला. डावा!"

डावा पडला.

"उजवा! टाच, टाच! डावा!"

पाणी मांडीला आलं. वाऱ्याने पावसाचे थेंब खड्यांसारखे तोंडावर बसत होते. थोरलीला समोरचं काही दिसत नव्हतं. पुढे नवरा दांडा रोवत, "इकडे, इकडे" म्हणत होता. बाजूला धाकटीचा धापा टाकणारा श्वास होता, आणि तो श्वास मधेच अडकत होता, हिसके देत.  पाण्याच्या भीतीने वाळलेली बाई पाण्यात उतरून यांना न्यायला आली होती. थोरलीने मूठ अशी आवळली की नखं रुतली असतील.

"मी नाही सोडणार," ती तिच्या कानाशी ओरडली. "ऐकतेस का? माझा हात नाही सुटायचा!"

धाकटीने मान हलवली. "डावा!" म्हातारी ओरडली, आणि तिचा आवाज फाटला होता, पण ताल चुकत नव्हता.

पाय पहिल्या पायरीला लागला तेव्हा पाणी कंबरेला होतं.

वर चहावाली दोरी सोडून उभी होती, धाकटीच्या पोरीला काखेत घेऊन. ट्रक चुकलेली अजून चार घरं आत दाटीवाटीने बसली होती. जोत्यावर हत्ती बांधणार का विचारणारी तीच चहावाली आता दोरी ओढत होती आणि रडत होती आणि "सावकाश, सावकाश" म्हणत होती. थोरली एकेक पायरी चढली. मेले तरी पाय लावणार नाही म्हणालेली ती. तिला ते आठवलंही, आणि तिने प्रत्येक पायरीवर पाय घट्ट दाबून टेकवला.

मग बसणं आलं. त्या बसण्यापेक्षा चालणं बरं होतं. दार उघडंच ठेवलं होतं, पाणी दिसावं म्हणून. खालच्या पायऱ्या गेल्या. मधल्या गेल्या.  पत्रा वाजत होता, आणि पाण्यातून दारं, टोपल्या, एक रिकामी खाट वाहत जात होती. ती खाट म्हातारीने ओळखली.  तिच्या मांडीवर धाकटीची पोर येऊन बसली होती. आजी इतक्या जवळून तिने कधी पाहिली नव्हती, म्हणून ती आजीची हनुवटी चिमटीत धरून बघत होती, खरी आहे का.

तीन पायऱ्या उरल्या. मग दोन. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. थोरली तिच्या शेजारी सरकली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यांच्यात इतक्या वर्षांत दूध-साखरेची देवाणघेवाणही नव्हती.

"हे जोतं किती दिवस घालत होतीस?" थोरलीने विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दोन उन्हाळे."

"माणसं लावून?"

"माणसं कुठली! कारखान्यातून सुटले की पाट्या वाहायचे. हे आले की दगड रचायचे." धाकटीने डोळे उघडले. "तुडवलं मात्र मी एकटीने. नीट झालंय की नाही, कोण जाणे. तुम्ही असतात तर..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. थोरलीला हुंदका आला. चारचौघांत, तोंडावर हात न घेता ती रडली. "अगं, मी हसले होते गं तुझ्या पायऱ्यांना," ती म्हणाली. "सगळ्यांत जोरात मीच हसले होते."

"माहितेय मला. वरपर्यंत ऐकू आलं होतं," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू दिसलं.

दारात बसलेला थोरला मान वळवून म्हणाला, "थांबलंय."

कुणाचा विश्वास बसेना. तो उठून वरच्या पायरीवर उकिडवा बसला, दांड्याचं टोक पाण्याला लावून. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. वारा फिरला होता, जमिनीकडून यायला लागला होता. "थांबलंय," तो पुन्हा म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चिरकला, "उतरतंय रे! उतरतंय!"

म्हातारीने पोरीला छातीशी धरलं. मग धाकटीला म्हणाली, "महाराणी, चहा आहे का घरात?"

पत्रा गळून साखर भिजली होती. बिनसाखरेचा चहा झाला आणि एका कपात तिघातिघांनी तो प्यायला. थोरलीला आयुष्यात इतका गोड चहा मिळाला नव्हता.

सकाळी खाली उतरले तेव्हा घर नव्हतं. चौथऱ्याच्या चार कडा आणि चूल तेवढी राहिली होती. मिठाची रास जणू कधी नव्हतीच. वाफ्यांवर गाळ, गाळावर मेलेले मासे. एकचाकी गाडी मात्र जागच्या जागी रुतलेली, चाक आसापर्यंत आत. थोरली बराच वेळ तिथे उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तिला सारखं एकच वाटत होतं, की आपण सगळे आहोत. नवरा आहे. म्हातारी वर बसून कुणाला तरी झापतेय. वस्तीतलं एक माणूस कमी झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवामान कचेरीची ती बाई पुन्हा आली, मदतीच्या पिशव्या घेऊन. पिशवीत तांदूळ, मेणबत्त्या आणि मिठाची पुडी. पुडी हातात घेऊन म्हातारी हसली, इतकी हसली की कंबर धरावी लागली. "आमच्या घरात विकतचं मीठ! बाळ, तू माझी चांगलीच जिरवलीस." मग तिने त्या बाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "चंद्राने फसवलं गं मला. तुझं ऐकायला हवं होतं. चिखलातून आली होतीस माझ्यापर्यंत." बाई कावरीबावरी झाली. म्हणाली, "आजी, तुम्ही दिसलात, मला सगळं मिळालं."

धाकटा ट्रक घेऊन परतला. सगळे धाकटीच्या दोन खोल्यांत राहिले. पाय पसरायला जागा नव्हती, आणि तरी कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही. निदान पहिले काही दिवस. मग म्हातारीने धाकटीच्या भाताला नावं ठेवली, आणि थोरलीला हायसं वाटलं, म्हणजे आता सगळं ठीक आहे.

पण थोरलीच्या मनात एक गोष्ट खुपत होती. धाकटीला म्हणायचं काय? घरच्या माणसाचे आभार मानले तर तोंडावर थप्पड मारल्यासारखं होतं. आणि नुसतं गप्प बसवत नव्हतं. दोनदा ती बोलायला गेली आणि दोन्ही वेळा "जरा पातेलं दे" म्हणून परतली.

गाळ वाळायला लागला त्या दिवशी ती पाटी घेऊन खाली गेली. आपल्या सगळ्यांत चांगल्या वाफ्यावरचा गाळ तिने खरवडला. त्याखाली तळ होता, म्हातारीने आणि तिने वर्षानुवर्षं तुडवलेला, निळसर, लोण्यासारखा चिकट, ज्यातून थेंबभर पाणी झिरपत नाही असा. ती माती मिठागरवाले कुणाला देत नाहीत. मागणाऱ्याला हाकलून लावतात. तिने पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि सडकेकडे निघाली.

नवऱ्याने हटकलं. "अगं, तळ उपटतेस? हंगामात काय करशील?"

"हंगाम येईल. तळ पुन्हा होईल," ती म्हणाली. "तुम्ही पण पाटी घ्या."

उंचवट्यावर येऊन तिने ती माती जोत्याच्या कडेला ओतली. धाकटी दारात आली. "हे काय?"

"जोतं रुंद करायचं," थोरली म्हणाली. "बाजूला अजून एक खोली बसेल. आम्ही इथेच राहणार आहोत, तू नको म्हणालीस तरी. वाफ्यात कामाला जाऊ, झोपायला वर येऊ." एवढं बोलून तिला धाप लागली. "आणि ते एकटीने तुडवलेलं जोतं बघवत नाही मला. ये खाली."

धाकटी आली. थोरल्याच्या पाट्या आल्या, धाकट्याच्या आल्या. मग चहावाली आली, तीही पाटी घेऊनच, आणि तिच्यामागून वस्तीतली ती चार घरं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माती ढिगाने पडली. दोघी जावांनी कपडे वर खोचले, एकमेकींच्या कमरेत हात घातला आणि पायाला पाय लावला. थोरलीला त्या कमरेवरचा ओलावा जाणवला, घामाचा, जिवंत माणसाचा. पायांखाली माती थंड होती.

म्हातारीला सगळ्यांत वरच्या पायरीवर उशीला टेकवून बसवलं होतं, नातीला शेजारी घेऊन. ती डोळे बारीक करून बघत होती. कधी ओरडते याची सगळे वाट बघत होते.

"डावा!" म्हातारी ओरडली. "टाच रोवा! उजवा! हां, अश्शी. डावा!"

माती बसत गेली. सूर्य कलला. म्हातारीने मधेच ताल थांबवला आणि खाली वाकून पायऱ्यांकडे पाहिलं, पाण्याचा पिवळट डाग जिथपर्यंत आला होता तिथे, तिच्या पायांच्या अगदी खाली.

"महाराणी," तिने हाक मारली.

"काय आई?"

"अजून एक पायरी घाल."